दोन गाड्यांचं गणित

तो विमा कंपनीत माणसांच्या मरणाचे हिशोब करायचा, आणि ती खोड घरी आल्यावरही सुटत नसे. मुलगी झाली तेव्हाच त्याने नियम काढला: लांबच्या प्रवासाला नवरा-बायकोने एका गाडीत बसायचं नाही. एका गाडीला जिवावरचा अपघात होण्याची शक्यता हजारात एक धरली, तर दोन्हींना होण्याची हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक. पोर पोरकी व्हायला नको.

"लग्न केलंत की विमा उतरवलात?" म्हणून बायको हसायची आणि दुसरी गाडी काढायची.

एका पहाटे धुक्यात त्याने करकचून ब्रेक दाबला. मागून एक गाडी येऊन आदळली. ती बायकोचीच होती.

तो वाचला, ती गेली. एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नसेल, तरच दोन गोष्टींचा असा गुणाकार चालतो, हे तो कचेरीत नवख्यांना बजावत असे. आणि स्वतःच्या दोन गाड्या मात्र शहाण्याने एकाच धुक्यात, एकामागे एक सोडल्या होत्या! तेव्हापासून मोकळ्या रस्त्यावरही त्याला तिचा हॉर्न ऐकू येई. मागे पडली की ती द्यायची तसाच, दोनदा, हलकेच. तो थांबून वळून बघायचा. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं.

आज मुलगी नोकरीसाठी परगावी निघाली होती. सामान दोन गाड्यांत भरलेलं, आणि बाहेर तसंच धुकं.

"बाबा, तुम्ही पुढे व्हा. मी तुमच्या मागेच येते."

त्याने आपली गाडी सामानासकट कुलूप लावून तिथेच सोडली आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.

"बाबा, आणि तुमचा दोन गाड्यांचा नियम?"

"खड्ड्यात गेला. चल."

वस्ती संपली तसे पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसले. मुलगी नकळत त्यांच्या जवळ जवळ सरकत राहिली.

"अंतर ठेव गं!"

"ठेवते. पण दिवे दिसत राहिले की बरं वाटतं, बाबा. एकटं नाही वाटत."

इतकी वर्षं तो कायम पुढे असायचा. मागच्या गाडीत बसून कसं वाटतं, हे त्याने बायकोला एकदाही विचारलं नव्हतं. त्याला हुंदका आवरेना.

मुलीने घाबरून वेग कमी केला. लाल दिवे पुसट झाले, मग दिसेनासे झाले.

"जाऊ दे त्यांना," तो म्हणाला. "मी आहे ना शेजारी."