मुडपलेली सत्ती

विद्याश्रीने सत्तीचा कोपरा नखाने हळूच मुडपला आणि चेहरा असा ठेवला, जणू देवळात बसली आहे.

समोर तिचे सासरे मुकुंदराव मांडी घालून बसले होते. मागच्या आठवड्यात मोरीत घसरले, तासभर तसेच पडून राहिले. तरी यशवंतपूरचं घर सोडून बंगळुराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआरला मुलाकडे यायचं नाव नाही! तिचा नवरा प्रदीपकुमार भांडून थकला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. उरला एकच उपाय, गुलामचोर. चारांतला एक गुलाम काढून ठेवायचा, बाकीच्या पत्त्यांच्या जोड्या लावायच्या, आणि ज्याच्या हाती एकटा गुलाम उरेल त्याने जिंकणाऱ्याचा एक हुकूम मुकाट्याने पाळायचा. घरचा कायदाच होता तो.

आणि मुकुंदराव कधी हरले नव्हते. काय तो हात! भामटा पळतो, लुच्चा गोड बोलतो, ते सांगायचे, पण खरा ठक तुमच्याकडची कॉफी पिऊन जातो आणि तुम्हीच त्याला दारापर्यंत सोडायला जाता. गुलामाचा कोपरा मुडपून ठेवायची विद्याही त्यांचीच. म्हणूनच तिने गुलाम सपाट ठेवला होता.

तिच्या हातात गुलाम आणि सत्ती, त्यांच्या हातात दुसरी सत्ती.

"ओढा, मामंजी."

मुडपलेल्या कोपऱ्यावर त्यांचं बोट थबकलं.

"अगं, स्वल्प तरी लाज! माझीच विद्या माझ्यावर?"

त्यांनी ऐटीत सपाट पत्ता ओढला. गुलाम! क्षणभर बघतच राहिले, मग गडगडून हसले.

"ठकास महाठक! आणि मी लोकांना सांगतो, सून भोळी आहे."

लेकीचा पहिला नंबर आल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

पण डाव अजून संपला नव्हता. आता ओढायची पाळी तिची. अशा वेळी मुकुंदराव पत्ते पाठीमागे नेऊन असे पिसायचे की देवालाही कळू नये. आज त्यांनी गुलाम तिच्या डोळ्यांदेखत खिडकीच्या बाजूला खोचला आणि हात तसाच पुढे धरला.

"पिसा की, मामंजी."

"पिसले."

विद्याश्रीला भरून आलं. तिने दुसरा पत्ता ओढला. सत्त्यांची जोडी लागली.

"गुलाम हजर आहे," गॅलरीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते म्हणाले. "हुकूम?"

"बॅग भरा. आजच."

"सरी, मान्य! गुलामाचं काय चालतंय?"

मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं,

"तुमच्या बाथरूममध्ये भिंतीला धरायला काही आहे का गं?"