घोटभर पाण्याने काय होतंय

आमच्या घरात बाबांवर सगळ्यांची इतकी माया आहे, की ते अजून तगून आहेत याचंच मला नवल वाटतं.

बाबा म्हणजे माझे सासरे. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना नीट गिळता येत नाही. साधं पाणी प्यायले की ते फुफ्फुसात उतरतं. म्हणून थेरपिस्टबाईंनी पाणी घट्ट करायची पावडर दिली आणि सगळ्यांना समोर बसवून समजावलं: ताठ बसवा, हनुवटी खाली, अर्धा चमचा, गिळलं की मगच पुढचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला आमच्याकडे कुणी मागेपुढे पाहत नाही.

दोन्ही वेळा मीच भरवते. तेव्हा बाबांना ठसकाही लागत नाही. पण मी स्वयंपाकघरात गेले की आतून खोकल्याची उबळ ऐकू येते. परवा पुन्हा ताप चढला. डॉक्टरांनी बजावलं, "असंच चाललं तर तोंडाने खाणं बंद. नाकातून नळी घालावी लागेल." रोज भाजीत मीठ कमी म्हणून माझ्याशी भांडणारे बाबा, नळीचं नाव ऐकताच भिंतीकडे तोंड करून निजले. मला भडभडून आलं.

घरात लगेच चौकशी बसली. आरोपी ठरलेलाच होता.

"तुझी ती पावडरच बाधतेय," आत्या म्हणाल्या. या बाबांच्या धाकट्या बहीण. "माणसाला पाणी द्यायचं की खळ?"

"मी वाचलंय त्याबद्दल," नवरा म्हणाला. काय वाचलंय, ते काही त्याने सांगितलं नाही.

माझं डोकंच फिरलं. मी थेरपिस्टबाईंना बोलावून घेतलं. त्यांनी स्वतः भरवून पाहिलं. वाटी संपली, बाबा एकदाही खोकले नाहीत. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "यांना साधं पाणी कोण देतं?"

सगळे एकदम छताचा पंखा न्याहाळू लागले.

"काका, तुम्हीच सांगा."

बाबांनी चालता हात उचलला. आत्यांकडे बोट केलं. मग माझ्या नवऱ्याकडे. मग शेजारच्या मास्तरांकडे, जे बिचारे नुसता पेपर परत द्यायला आले होते.

"अहो, घोटभर पाण्याने काय होतंय!" आत्या उसळल्या. "दादा तहानेने तळमळतो, मला बघवत नाही."

"मी फक्त ओठ ओले केले," नवरा पुटपुटला. मास्तर पेपर घेऊनच परत गेले.

"काका, त्रास होतो हे तुम्हाला कळतं ना? मग पिता कशाला?"

बाबा जड जिभेने, एकेक शब्द ओढत म्हणाले, "नको म्हटलं... की... रडतात."

मला हसू येत होतं आणि सगळ्यांना धरून बदडावंसंही वाटत होतं. तेवढ्यात आत्यांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि मोठ्याने हुंदका दिला.

बाबांनी मुकाट्याने तोंड उघडलं.