अर्धी नळी

"अहो, नळीत पाणी दिसत नाहीये," डबा घेऊन आलेली बायको म्हणाली.

इस्पितळाच्या धुलाईखान्यातला बॉयलर मी एकोणीस वर्षं सांभाळतोय. भिंतीपलीकडे बायको आणि आणखी नऊ जणी चादरींना इस्त्री करतात. बॉयलरच्या पुढ्यात काचेची उभी नळी असते. आत किती पाणी आहे ते तिच्यात दिसतं. दर तासाला बघायचं आणि वहीत लिहायचं. काचबिंदूने नजर खाल्ली तसा मी नळीखालची तोटी उघडून कानाने बघायला शिकलो. पाण्याचा आवाज जड, वाफेचा कोरडा. आज पंप छान गुरगुरत होता, म्हणून तोटी न उघडताच वहीत 'अर्धी नळी' लिहून मोकळा झालो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

"नीट बघ. तळाशी तरी?"

"थेंब नाही. थांबा, मी पाणी सोडते."

"हात लावू नकोस." तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं असतं, तर भिंतीसकट सगळं उडालं असतं. "सगळ्यांना बाहेर काढ. आधी तू नीघ."

आग बंद करायच्या खटक्याकडे हात नेला, तो दोनदा भलतीकडेच गेला. तिसऱ्यांदा सापडला. भट्टी निवेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. 

बाहेर धुलाईखान्याचे साहेब म्हणाले, "पंपाची झडप अडकली होती म्हणे. तुमची काही चूक नाही."

गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. 

"झडप अडकली खरी. पण मला नळी दिसतच नाही, साहेब. दोन वर्षं झाली. वहीतलं सगळं अंदाजपंचे."

 साहेब म्हणाले, "किल्ल्या द्या." दिल्या.

सगळ्या जणी बघत असणार. बायकोने माझं मनगट घट्ट धरलं.

"असं ओढायचं नसतं," मी म्हणालो. "मी तुझं कोपर धरायचं. तू अर्धं पाऊल पुढे चालायचं, पायरी आली की सांगायचं."

"हे कुणी शिकवलं?"

"अंधांच्या त्या केंद्रात. मागच्या महिन्यात जाऊन आलो. काठी देत होते, दुसरं काम शिकवू म्हणाले. लाज वाटली, पळून आलो."

त्या केंद्रात जा म्हणून ती वर्षभर माझ्या मागे लागली होती.  आता तिने मनगट सोडलं आणि कोपर पुढे केलं.

"तीन पायऱ्या आहेत," ती म्हणाली.

एकोणीस वर्षं रोज उतरलेल्या त्या पायऱ्या मला पाठ होत्या. तरी मी तिला एकेक सांगू दिली.