रिळाची मूठ

...आणि त्या एवढ्याशा मुठीवर काळ्या रबराची पट्टी, सायकलच्या जुन्या ट्यूबची, बायकोनं, निर्मलानं, काल ओसरीवर बसून एकावर एक गुंडाळलेली. फत्तेसिंगनं डाव्या हाताची बोटं त्या पट्टीवर ठेवली. लकव्यानं उजवा हात गेला तेव्हापासून गळाची काठी काखेत दाबून डाव्यानं रीळ फिरवायचं, एवढंच उरलं होतं — तेही आज तापीकाठी जमलं तर जमलं, नाहीतर काठी शेजारच्या भीमसिंगला देऊन टाकायची, असं तो घरून ठरवूनच निघाला होता.

"मन्हा हातमा बराबर बसस," निर्मला म्हणाली. "तुमलेबी बसी."

तिच्या हातात... तिथंच तर चुकलं. माप तिनं स्वतःच्या हाताचं घेतलं. तिची बोटं लांब, निमुळती. याचा पंजा रुंद, बोटं आखूड आणि जाड, जन्मभर ऊस तोडून आणखीच फुगलेली. मूठ जाड झाली तशी पेरं दर फेऱ्याला रिळाच्या अंगावर घासू लागली. पूर्वी उजव्याची दोन बोटं नुसती टेकवली की रीळ आपसूक फिरायचं, हात कुठं संपतो तेही कळायचं नाही — आणि हा डावा म्हणजे नवा गडी, सांगावं तेवढंच करणार, तेही वाकडं.

"दुखस का?"

"नही."

पेरावरचं सालटं निघालं होतं. पण एवढ्या मायेनं बांधलेली पट्टी सोड म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं?

तेवढ्यात दोरी ताणली. मासा! काठी काखेतून निसटली, बोटं घसरली, मूठ गरागरा उलटी फिरली आणि तो ओरडला, "धर! तूच फिराव!"

तिनं काठी घेतली. रीळ फिरू लागलं — किती सहज, जशी काही तिची बोटं त्या रबरावर वर्षानुवर्षं बसत आली होती. ती हसत होती, कितीतरी महिन्यांनी. आपणही हसावं म्हणून त्यानं तोंड हलवलं, तर मनात आलं... दोरी तुटावी. आत्ताच्या आत्ता तुटावी. त्याला स्वतःची किळस आली, तरी ते वाटणं काही जाईना.

दोरी तुटली नाही. मासा काठावर तडफडत राहिला.

"सकाय परत येवूत," ती म्हणाली. काठी तिनं खाली ठेवलीच नव्हती.

त्यानं मान हलवली. डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला... भीमसिंगला द्यायला ती काठी आता त्याची राहिली नव्हती.