अर्धं जातं, अर्धं राहतं

शिंप्याने इस्त्री उभी ठेवली आणि फोन उचलला. पलीकडे त्याच्या बायकोची जुनी विद्यार्थिनी होती. शिकून ती आपल्या देशात परतली होती. आता त्या देशाचंच दिवाळं निघालं होतं. प्रयोगशाळेत पगार नव्हता, वीज धड टिकत नव्हती.

“काका, फ्रीझर वितळला. माझे यीस्टचे सगळे वाण गेले. बाई असत्या तर...”

“बाई गेल्या. मी आहे ना. थांब जरा.”

त्याने फ्रिज उघडला. लोण्याच्या कप्प्यात चंदेरी कागदाच्या पुड्या होत्या. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाणाची एक प्रत बायको टिपकागदावर वाळवून घरी ठेवायची. लोणी बिचारं बाहेर वितळत बसायचं, त्यावरून दोघांची भांडणं व्हायची.

पाठवायचं कसं, हे विचारायला तो बायको शिकवायची त्या संस्थेत गेला. विभागप्रमुखांनी त्याला खुर्ची दिली.

“बाहेरच्यांना मदत बंद झालीय, काका. आपल्याच तोंडी घास पुरत नाही. आणि पुड्या संस्थेच्या आहेत. आणून द्या, नष्ट करू.”

“जाळायला जमतं, पाठवायला नाही?”

“वरून आदेश आहे.”

“असू दे. फ्रिज माझ्या घरात आहे. या कधीही, चहा पाजतो. पुड्या मिळणार नाहीत.”

घरी येऊन त्याने कात्री उकळून घेतली आणि तिला फोन लावून प्रत्येक कागदाचा अर्धा तुकडा पाठवतो म्हणून सांगितलं.

“सगळंच पाठवा, काका. तिथे आता कोण बघणार?”

“सगळं एकाच जागी ठेवलंस म्हणूनच गेलं ना? बाईंचा नियम विसरलीस? अर्धं जातं, अर्धं राहतं.”

“पण ते अधूनमधून वाढवून पुन्हा वाळवावं लागतं. नाहीतर मरतं.”

“मग शिकव.”

“तुम्हाला?”

“कॉलर बसवता येते का तुला? मला येते. शिकव.”

ती नाक ओढत हसली. मग म्हणाली, “आधी साखरेचं पाणी उकळून गार करा. त्यात कागद टाका. पाणी गढुळलं की समजा, जिवंत आहे.”

त्याने प्रत्येक कागद मधोमध कापला. अर्धे तुकडे त्याच दिवशी टपालात पडले. उरलेल्यांतला एक त्याने बाटलीत टाकला आणि बाटली शिवणयंत्राशेजारी ठेवली.

पाणी अजून नितळ आहे. बाकीच्या पुड्या भिजवायच्या राहिल्या आहेत.