विहीणबाईंचा खांदा

निवृत्त झाल्यावर बाईंनी शिआत्सू शिकायला घेतलं आणि घरातली माणसं एकाएकी कामसू झाली. शिआत्सू ही जपानी विद्या. माणसाला जमिनीवर गादी टाकून झोपवायचं आणि कपड्यांवरूनच अंगठ्यांनी, तळव्यांनी, प्रसंगी कोपरानं अंगभर दाब द्यायचा. बाईंनी गादी अंथरली रे अंथरली, की नवऱ्याला गळका नळ आठवायचा आणि धाकट्या दिरांना कुणाला तरी तातडीनं भेटायचं असायचं. त्यांचाही दोष नव्हता. बाईंची उभी हयात शाळेत खेळ शिकवण्यात गेली होती. मुलं त्यांना शिट्टीबाई म्हणत. त्यांच्या अंगठ्याखाली एकदा सापडलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नसे.

शिआत्सूच्या वर्गातही तेच. शिकवणारे सर त्यांच्या मुलाच्या वयाचे, बोलणं इतकं हळू की कान टवकारून ऐकावं लागे. ते रोज एकच सांगत : ढकलू नका, टेका. दंडातली ताकद लावायची नाही, समोरच्याच्या श्वासाबरोबर आपल्या अंगाचा भार सोडायचा. एक हात आईचा, तो एका जागी नुसता ठेवायचा. दुसरा लेकराचा, तो फिरायचा. बाईंना हे सगळं पाठ होतं. करायला गेलं की मात्र आईसुद्धा लेकरामागे धावत सुटायची.

परीक्षा तोंडावर आली. सरावाचं माणूस ज्याचं त्यानं आणायचं होतं, आणि बाईंच्या हाताखाली झोपायला कुणी धजत नव्हतं. अशात लेकीचा फोन आला. तिचं घर रंगवायला काढलं होतं, त्या वासानं तिच्या सासूबाईंना खोकला येत होता, तर दोघी आठवडाभर राहायला येऊ का, असं ती विचारत होती.

विहीणबाई आल्या. त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि बोलणंही मापानं बेतलेलं. हसल्या तर ओठांची टीप उसवेल, अशी त्यांची तऱ्हा. लेकीच्या लग्नाला दोन वर्षं झाली तरी दोघी विहिणींचं संभाषण ‘प्रकृती बरी ना’च्या पुढे सरकलं नव्हतं. पण पहिल्याच सकाळी फळीवरचा कप काढताना विहीणबाईंचा हात खांद्याशीच अडला, आणि ते बाईंनी पाहिलं. दाबून देऊ का, म्हणून त्यांनी विचारलं. मला कुणी अंगाला हात लावलेला चालत नाही, असं सरळ उत्तर मिळालं. रात्री ठणका लागला असावा. दुसऱ्या दिवशी दुपारी विहीणबाई स्वतःच दारात येऊन उभ्या राहिल्या आणि ते कपड्यांवरूनच असतं ना, याची त्यांनी खात्री करून घेतली.

बाईंनी गादी अंथरली आणि अंगठे रोवले. विहीणबाई घटकाभर सोसत राहिल्या. मग उशीत तोंड ठेवूनच म्हणाल्या, "कणीक तिंबताय का?"

बाईंचे कान तापले. उत्तर जिभेवर आलं होतं. पण पाहुण्यांची सोय करायला म्हणून त्यांनी सकाळपासून पलंग नि कपाटं हलवली होती. दंड भरून आले होते, भांडायचंही त्राण नव्हतं. त्यांनी एक तळवा विहीणबाईंच्या पाठीवर ठेवला, दुसरा खांद्यावर, आणि दम खायला तशाच ओणव्या राहिल्या. ढकलायला ताकद उरलीच नव्हती, भार तेवढा आपसूक उतरत गेला. विहीणबाईंनी एक लांबलचक श्वास सोडला. डोक्यावरचं ओझं उतरवून माणूस खाली टेकतो, तसा तो खांदा हाताखाली टेकला. बाई दचकल्या. त्यांच्या हाताखाली असं कधी कुणी सैल झालं नव्हतं. पाठीवरचा हात त्यांनी तिळभर हलवला नाही.

बऱ्याच वेळानं उशीतून आवाज आला. "तुमची लेक माझ्याशी मोकळेपणानं हसत नाही हो. मी फार चुका काढते का तिच्या? तुमच्याशी तरी हसते?"

बाईंना लेकीचं लहानपण आठवलं. शिट्टी काही शाळेतच राहत नसे, ती घरीही येई. काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती, पण हात असा ठेवलेला असताना ते जमेना.

"माझ्याशीही बेतानंच," त्या म्हणाल्या.

गादीवरची पाठ हलायला लागली. बाईंना वाटलं, आता या रडतायत. पण विहीणबाई हसत होत्या, आधी नुसत्याच, मग चांगल्या खदखदून. बाईंनाही आवरेना. काय झालं म्हणून लेक स्वयंपाकघरातून धावत आली, सासूला आणि आईला असं पाहून दारातच थबकली, आणि काही न समजता तीही हसत सुटली.

परीक्षेला विहीणबाई आपणहून आल्या. गादीवर थोड्याच वेळात त्यांचा डोळा लागला आणि त्या अशा घोरू लागल्या, की शेजारच्या गादीवरचा माणूस मान वर करून बघायला लागला. जाग आल्यावर पांढऱ्या केसांच्या परीक्षकांनी त्यांना विचारलं, कुठे दुखलं का?

"डावीकडे जरा जास्त झालं होतं," विहीणबाई म्हणाल्या. "पण नुसतं हं म्हटलं तरी ऐकतात."

परीक्षकांना हसू फुटलं. सर चादरीची घडी घालत होते, तेही गालातल्या गालात हसले. बाई पास झाल्या.

दुकानामागे एक खोली रिकामी पडली होती, तीत कापडाचे तागे धूळ खात होते. विहीणबाईंनी ते उचलून माळ्यावर टाकले, खिडकीला पडदा शिवला आणि बाईंना तिथे बसवलं. मापं घेताना टेप लावली की निम्म्या गिऱ्हाइकांचा एक खांदा वर असतो, अशांना शर्ट शिवून देऊन उपयोग काय, असं त्यांचं म्हणणं.

पहिलं गिऱ्हाईक बसचा ड्रायव्हर निघाला. तो आला होता पँट कमरेत सैल करून घ्यायला. तेवढा वेळ आत टेका, असं विहीणबाईंनी त्याला सांगितलं नि जवळजवळ ढकललंच. बूट काढताना तो संशयानंच इकडेतिकडे बघत होता. बाईंनी त्याच्या मानेखाली हात घातला आणि वाट पाहिली. थोड्याच वेळात त्याचा जबडा सैल पडला आणि मुठीही उघडल्या.

बाहेर शिलाई मशीन थांबलं. पडद्याआडून विहीणबाईंनी विचारलं, "पँट तयार आहे, देऊ का आत?"

"थांबा जरा," बाई हळूच म्हणाल्या. "माणूस अजून व्हायचाय."