सोवळा शेअर

मी वागीश्वरी पेपर मिलचा शेअर बोलतोय. खरं तर दोनशे शेअर मिळून मी एक कागद झालो आहे. कडेला हिरवी वेलबुट्टी, खाली दोन डायरेक्टरांच्या सह्या आणि कोपऱ्यात कंपनीचा उठावाचा शिक्का. कागदाच्या गिरणीत माझा वाटा आहे म्हणतात, पण मला छापलं विलायती कागदावर. ती गिरणी मी अजून पाहिलेली नाही. जन्मापासून मी असा गोंधळात आहे. तुम्हाला काही उलगडलं तर बघा, म्हणून सांगतोय.

माझे पहिले मालक वर्ध्याचे कापसाचे व्यापारी ताराचंद शेटजी. त्यांच्या गादीमागच्या लोखंडी पेटीत सात-आठ कंपन्यांचे शेअर एकावर एक पडून असायचे, त्यात मीही. वर्षातून एकदा कंपनीकडून डिव्हिडंडचं वॉरंट यायचं, म्हणजे नफ्यातल्या वाट्याचा चेकसारखा कागद. शेटजी त्यावर सही करून तो बँकेत धाडायचे, की वर्षभर आमची कुणाला आठवण नाही.

१९५३ साली कापसाच्या हंगामाला रोकड कमी पडली आणि शेटजींनी काही शेअर विकायला काढले. घ्यायला आले हरिभाऊ मास्तर. नुकतेच निवृत्त झालेले, अंगावर स्वतः कातलेल्या सुताची खादी. एकुलती मुलगी सुमती मॅट्रिकला होती. पुढे तिला नागपूरला पाठवून बी.एस्सी.पर्यंत शिकवायचं त्यांनी ठरवलं होतं. फंडाचा पैसा घरात ठेवला तर उडून जाईल. त्याचे शेअर घेतले तर डिव्हिडंडवर दर वर्षी तिची फी आणि वसतिगृह भागेल, असा त्यांचा बेत.

शेटजींनी आम्हाला गादीवर ओळीनं मांडलं. वीस टक्के देणाऱ्या कापडगिरणीला मास्तरांनी हातसुद्धा लावला नाही. सूत कातणाऱ्यानं गिरणीच्या नफ्यावर मुलीला शिकवायचं? साखर कारखाना नको, घरात गूळ खातात. वनस्पती तुपाचं तर नावच नको. चहाचा मळा? चहा सोडून त्यांना अठरा वर्षं झाली होती.

"मास्तर," शेटजी म्हणाले, "तुम्ही शेअर घेऊन राह्यले का एकादशी धरून राह्यले?"

शेवटी मी उरलो, जेमतेम दहा टक्के देणारा. मास्तरांनी माझ्यावरून हात फिरवला. "कागद. म्हणजे वह्या, पुस्तकं. हा चालेल."

"घ्या. सोवळा शेअर सापडला तुमाले," शेटजी हसले.

काही दिवसांनी कंपनीच्या कचेरीतून माझ्या पाठीवर मास्तरांचं नाव लिहून आलं. आकड्याकडे न बघता मला कुणी निवडलं ते पहिल्यांदाच. मी हुरळून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

मास्तरांनी मला पेटीचरख्यात कातायच्या कापसाच्या पेळूंखाली ठेवलं. दोन वर्षं बरी गेली. वॉरंट यायचं, मास्तर सही करायचे, नागपूरला सुमतीची फी जायची. सोबत कंपनीचा इंग्रजी अहवालही यायचा. तो मास्तर नीट घडी घालून ठेवत, न वाचताच. वह्यांच्या कागदाबद्दल वाचायचं काय? काय काय सोडलं त्याची यादी त्यांना तोंडपाठ होती. जे धरलं, त्याच्याकडे एकदा निरखून बघावं हे मात्र सुचलं नाही.

१९५६च्या उन्हाळ्यात सुमती इंटर पास होऊन घरी आली. आता बी.एस्सी.ला नाव घालायचं होतं. त्या वर्षी वॉरंटही जास्त रकमेचं आलं. का वाढलं ते बघावं म्हणून तिनं अहवाल उघडला आणि मास्तर कातत असताना मोठ्यानं वाचू लागली. चेअरमननी आनंदानं लिहिलं होतं की सिगारेटच्या कागदाचं यंत्र गेली तीन वर्षं उत्तम चालू आहे, आणि यंदाचा वाढीव नफा त्याचाच.

मास्तरांचं सूत तुटलं. ते त्यांनी जोडलं नाही.

वॉरंटवर त्यांनी सही केली नाही. सुरेख अक्षरात कंपनीला पत्र लिहिलं: माझ्या डिव्हिडंडपैकी वह्या-पुस्तकांच्या कागदाचा जेवढा भाग असेल तेवढाच पाठवावा, सिगारेटचा वगळावा. आणि वॉरंट परत केलं. उत्तराची मीही आतुरतेनं वाट पाहत होतो. प्रश्न माझाही तोच होता. उत्तर आलं दोन ओळींचं. डिव्हिडंड असा फोडता येत नाही, वॉरंट परत पाठवत आहोत. मास्तरांनी पुन्हा पत्र लिहिलं, पुन्हा वॉरंट परत.

"दुधातलं पाणी निवडून द्या म्हणून गवळ्याले चिठ्ठ्या लिहून राह्यले तुझे बाबा," मास्तरांच्या पत्नी प्रमिलाबाई लेकीला म्हणाल्या. बोलताना हसल्या, पण जून संपत आला होता आणि घरात दुसरा पैसा नव्हता.

सुमतीनं आवाज चढवला नाही. "बाबा, दोन वर्षं मी सिगारेटच्या कागदावरच शिकले. ते आता उतरवून ठेवू का?"

"ते नकळत झालं."

"आणि आता कळलं, म्हणून मी घरी बसू?"

मास्तर मला घेऊन शेटजींकडे गेले. शेटजींनी लगेच हात पुढे केला. "द्या माह्याकडे. माह्याजवळ पाप लई आहे, त्यात हेही राहीन." मास्तरांचा हात मागे आला. जे आपल्याला नको ते मित्राच्या गळ्यात कसं घालायचं? मला तसंच छातीशी धरून ते घरी आले.

टपालाच्या या येरझाऱ्यांत फी भरायची तारीख निघून गेली. सुमतीनं रोहणा गावच्या शाळेत नोकरी धरली. निघताना म्हणाली, "शेअर माझ्या नावावर करा. तुमचं व्रत तुम्ही सांभाळा. माझं मी बघते." मास्तरांनी त्याच दिवशी कागदांवर सह्या केल्या, डोक्यावरचा भारा उतरवावा तशा. मला वाईट वाटलं. मी तर तोच होतो.

रोहण्याला मी तिच्या ट्रंकेत होतो. पुढच्या जूनमध्ये तिच्या नावाचं पहिलं वॉरंट आलं. मला वाटलं, ही तडक सही करेल. तिनं टाक शाईत बुडवला आणि हात थांबला. अहवाल पुन्हा वाचला. वह्या किती, सिगारेट किती, ते त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. तीन दिवस वॉरंट टेबलावर पडून राहिलं. बापाचं नाव होतं तेव्हा तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. आता नाव तिचं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं सही केली. पत्र लिहिलं नाही. शाई वाळेपर्यंत बसून राहिली आणि शाळेत गेली. शाळा भिंतीपलीकडेच होती. दिवसभर तिचा चढलेला आवाज मला ट्रंकेत ऐकू येत होता.

बी.एस्सी.ला नाव घालून ती नागपूरला निघाली तेव्हा वर्ध्याच्या स्टेशनावर मास्तर आले होते.

"फी भरली?" मास्तरांनी विचारलं.

"भरली."

"वेळेत?"

"वेळेत."

"बरं झालं," ते म्हणाले. पैसे कुठले, ते त्यांनी विचारलं नाही. गाडी आल्यावर हमालाला बाजूला सारून त्यांनी स्वतः ट्रंक उचलून डब्यात ठेवली. आत मी आहे हे त्यांना ठाऊक होतं का, कोण जाणे.

आता मी वसतिगृहातल्या तिच्या खाटेखाली आहे. मास्तर बरोबर होते की सुमती, मला ठरवता येत नाही. मी चांगला की वाईट, तेही नाही. एवढंच मागतो. मला घ्यायला याल तेव्हा आकडा खुशाल बघा, पण माझ्या गिरणीत काय बनतं तेही त्याच वेळी विचारा. नंतर विचारलंत तर मला उत्तर देता येत नाही, आणि तोवर कुणाची तरी कॉलेजात नाव घालायची तारीख निघून जाते.